हौसाबाईंचा राग

एकदा एका वृद्ध गुरुजींनी शेजारच्या बाईला एका आजारी मुलीवर रागावायला सांगितले. ज्यांनी ते ऐकले त्यांना तो निष्ठुरपणा वाटला. खुद्द गुरुजींच्या शिष्यालाही वाटला. ती हकीकत अशी.

नदीकाठच्या एका लहानशा गावात हे गुरुजी राहत. चाळीस वर्षे त्यांनी शाळेत संस्कृत शिकवले होते आणि निवृत्तीनंतर कुंभार गल्लीच्या तोंडाशी दोन खोल्या घेऊन ते एकटेच राहत होते. वय ऐंशीच्या पुढे. त्यांचे नाव कोणी घेत नसे. सारे गाव त्यांना नुसते गुरुजी म्हणे. सुमंत नावाचा एक तरुण शिक्षक रोज संध्याकाळी त्यांच्याकडे शिकायला येई. सुमंत हुशार होता, मनाने निर्मळ होता, आणि कोणाचे दुःख दिसले की त्याला स्वस्थ बसवत नसे.

त्याच गल्लीत महादेव कुंभाराचे घर होते. महादेव, त्याची पत्नी सारिका आणि त्यांची आठ वर्षांची एकुलती एक मुलगी गौतमी. ही गौतमी म्हणजे गल्लीची वावटळ. एका जागी ती कधी दिसायची नाही, आणि दिसली की शेजारच्या हौसाबाईंचा आवाज ऐकू यायचा. हौसाबाई बाजारात भाजी विकत. नवरा गेलेला, मुलगा नोकरीनिमित्त लांब. त्यांचा आवाज असा की गल्लीच्या एका टोकाला बोलल्या तर दुसऱ्या टोकाची म्हैस मान वर करी. गौतमीने त्यांच्या सारवलेल्या अंगणात पाय उमटवावेत, त्यांच्या टोपलीतले गाजर पळवावे, आणि हौसाबाईंनी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करावा, हा गल्लीचा रोजचा परिपाठ होता. त्यात सारिकाही पडायची. दोघी बायका पाऊण तास भांडायच्या आणि संध्याकाळी एकमेकींकडे विरजण मागायच्या.

हिवाळ्यात गौतमीला ताप येऊ लागला. अंगावर निळे डाग दिसू लागले, खेळता खेळता ती मटकन खाली बसू लागली. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासले आणि लगेच मोठ्या शहरात न्यायला सांगितले. तिथे कळले की रक्ताचा कर्करोग आहे.

शहरातल्या डॉक्टरीण बाईंनी महादेवला समोर बसवून नीट समजावले. "या वयात हा आजार बरा होण्याची चांगली आशा असते. पण उपचार दोन वर्षांहून जास्त चालतील. मधलं औषधांचं एकही आवर्तन चुकवायचं नाही. तुमच्या हातात एवढंच आहे, तिला ठरलेल्या दिवशी इथे घेऊन यायचं."

बातमी गावात आली तेव्हा गाव हलले, हे सांगायला हवे. आणि गावाला हलवणारा सुमंत होता. कोणी कोणत्या दिवशी सोबत जायचे, शहरात उतरायचे कुठे, रक्त द्यायला कोणी जायचे, हे सारे त्याने जमवून आणले. घरी असताना सारिकाला चूल पेटवायची गरजच पडत नसे. दोन्ही वेळचे जेवण शेजारून येई. उन्हाळा हा कुंभारांचा माठांचा हंगाम. महादेव दवाखान्यात असे तेव्हा गल्लीतले इतर कुंभार त्याची माती मळत, आपल्या चाकावर त्याचे माठ घडवत आणि आपल्या भट्टीत भाजून त्याच्याच खुणेने बाजारात पाठवत. एवढी माया फार थोड्या गावांच्या वाट्याला येते.

मात्र या मायेबरोबर आणखी एक गोष्ट गल्लीत शिरली. गल्लीचा आवाज बसला. महादेवच्या घरावरून जाताना माणसे पावले हळू टाकू लागली. घरात शिरणारा प्रत्येक जण दारातच चेहरा बदलून आत येई. मुले गौतमीबरोबर पत्ते खेळायला बसत आणि मुद्दाम हरत. शाळेच्या बाईंनी पाढे विचारणे सोडून दिले. आणि हौसाबाई? त्यांचा तर आवाजच जणू हरवला. त्या सकाळी पेरू घेऊन येत, गौतमीच्या केस गेलेल्या डोक्यावरून हात फिरवत, "खा गं माझी बाय," असे कुजबुजत आणि पदराने डोळे टिपत परत जात.

चार महिने गेले. पुढच्या आवर्तनासाठी सोमवारी निघायचे होते. शुक्रवारी सारिका पिशवी भरू लागली तेव्हा गौतमी म्हणाली, "मी येणार न्हाई."

आधी कोणी मनावर घेतले नाही. पोर आहे, सुयांना कंटाळली असेल. पण शनिवारी सकाळीही तिचे तेच. तिने घराचा मधला खांब दोन्ही हातांनी धरला. महादेवने हात सोडवायचा प्रयत्न केला तर ती किंचाळली नाही, रडली नाही. नुसतीच त्याच्याकडे बघत राहिली. महादेवने तिचे हात सोडून दिले.

सुमंत धावत आला. शहरातून आणलेली बाहुली त्याने तिच्यापुढे ठेवली. म्हणाला, "गौतमी, तू आमची शूर मुलगी ना? किती सोसलंस! आता थोडंच राहिलंय." गौतमीने बाहुली हातात घेतली, तिचे केस नीट केले आणि ती परत त्याच्या हातात दिली.

"दुसऱ्या कुणाला तरी द्या सर," ती म्हणाली.

सुमंत बाहेर आला तो थेट गुरुजींकडे गेला. "गुरुजी, तुम्ही चला. मला काही सुचत नाही. एक आवर्तन जरी चुकलं तरी..."

गुरुजी काठी घेऊन निघाले. महादेवच्या घरी जाऊन त्यांनी सर्वांना अंगणात बसायला सांगितले आणि स्वतः आत गौतमीजवळ खांबाला टेकून बसले. अर्धा तास झाला. बाहेर सारिका दाराकडे डोळे लावून होती. शेवटी गुरुजी बाहेर आले. सारिका उठून उभी राहिली.

"काय म्हणाली, गुरुजी?"

"सोमवारला अजून दोन दिवस आहेत, बाळ," एवढेच बोलून ते शेजारच्या घराकडे वळले. सुमंत त्यांच्यामागे.

हौसाबाई दारात गहू निवडत होत्या. गुरुजींना पाहून त्या लगबगीने उठल्या.

"बस, बस. हौसा, मला खरं सांग. गौतमीचा तुला कधी राग येतो का?"

हौसाबाईंनी दचकून इकडेतिकडे पाहिले. "काय बोलताय गुर्जी! त्या पोरीचा राग? देवानं तिला असं..."

"खरं सांग म्हणालो."

हौसाबाईंनी सूप खाली ठेवले. आवाज खाली आला. "येतो की. परवा तिनं माजं धुणं वाळत घातलेलं, त्या दोरीची गाठ सोडली. समदं लुगडं धुळीत. टाळकं फिरलं हो माजं. पर तिच्याकडं बघितलं आन् गिळलं. आता तिला कसं बोलायचं?"

"उद्यापासून गिळू नकोस."

"आँ?"

"नाटक करू नकोस. उगीच कारण काढून भांडू नकोस. पण तिनं काही केलं आणि तुला राग आला, तर पूर्वी जशी रागवायचीस तशी रागाव. तेवढ्याच आवाजात."

"गुर्जी, माजी जीभ झडंल."

"नाही झडायची. तीस वर्षं ऐकतोय मी तुझी जीभ, चांगली टिकाऊ आहे."

हौसाबाईंना हसू आले आणि त्याच क्षणी डोळ्यांत पाणी आले. "आन् पोरीला काय झालं तर? जल्माचं माज्या जिवाला..."

"त्याचा भार माझ्यावर," गुरुजी म्हणाले.

रस्त्यात येताच सुमंत थांबला. गुरुजींपुढे तो कधी आवाज चढवून बोलला नव्हता. आज चढवला. "क्षमा करा गुरुजी, पण हे मला पटत नाही. ती पोर अन्नावरून उठतेय, दवाखान्याला नकार देतेय, आणि तुम्ही तिच्यावर ओरडायला माणूस लावता? चार महिने सारी गल्ली तिला फुलासारखी जपतेय."

"जपतेय खरी," गुरुजी म्हणाले. "उद्या सकाळी ये."

रविवार उजाडला. हौसाबाईंनी भल्या पहाटे चीक शिजवून कुरडया घातल्या होत्या. घरापुढे जुने लुगडे अंथरून त्यावर पांढऱ्याशुभ्र कुरडयांच्या ओळी मांडल्या होत्या. ऊन वर येत होते. गौतमी आपल्या दाराच्या पायरीवर डोक्याला रुमाल बांधून बसली होती. शेजारी पाण्याचा तांब्या. करमेना म्हणून तिने थोडे पाणी पायरीवरून सोडले. पाण्याची धार धुळीतून वाट काढत निघाली. तिला मजा वाटली. तिने आणखी सोडले. मग तांब्याच उपडा केला. ती इवलीशी नदी वाहत वाहत उतारावरून थेट हौसाबाईंच्या लुगड्याखाली शिरली.

हौसाबाई बाहेर आल्या. भिजून पसरलेल्या कुरडयांच्या तीन ओळी त्यांनी पाहिल्या. तांब्या पाहिला, मुलीकडे पाहिले. सवयीने त्यांचा हात पदराकडे गेला. आणि मग तो तिथेच थांबला.

"गौतमेऽऽ!"

गल्लीत चार महिन्यांनी तो आवाज उठला. चाकावर बसलेल्या कुंभारांचे हात थांबले. कोणाच्या तरी हातातली घागर विहिरीच्या काठावर आदळली.

"डोळं हैत का बटनं? तीन दिस गहू भिजवून चीक काढला मी! पहाटंपासनं सोऱ्या दाबून दाबून खांदं गळालं माजं! आन् तू पाणी सोडतीस? तुज्या बाचा पाट हाय व्हय हा?"

गौतमी पायरीवर थिजून बसली होती. तिने हौसाबाईंकडे असे पाहिले, जणू पुष्कळ दिवसांनी ओळखीचे माणूस स्टँडवर दिसावे. मग तिचे तोंड हळूहळू उघडले.

"तुमी उतारावर कशापायी घातल्या मग, मावशे?"

"उतारावर? मला शिकवतीस? थांब तुला..."

"वर सपाट जागा हाय की! तितं घालायच्या!"

एवढ्यात सारिका हातातले भांडे तसेच घेऊन बाहेर आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "हौसाकाकू, माज्या लेकीला एक शबुद बोलायचं काम न्हाई! आजारी लेकरू ते!"

"आजारी हाय तर पाणी कसं वतता येतं? हात चालत्यात की चांगलं!"

"रस्ता काय तुमच्या एकटीचा हाय? निम्मी गल्ली अडवून कुरडया घालायच्या आन् वर बोलायचं!"

"मी अडवली? आन् तुमचं माठ सहा महिनं माज्या भिताडाला टेकून हैत, ते गं?"

मग मात्र बांध फुटला. दोघींनी चार महिन्यांचे साचलेले सारे बाहेर काढले. भिताड, सांडपाणी, मांजर, कोणाच्या तरी लग्नातले न दिलेले पातेले. सुमंत सांगितल्याप्रमाणे सकाळीच येऊन गल्लीत गुरुजींच्या शेजारी उभा होता. मध्ये पडावे म्हणून त्याने पाऊल उचलले, तर गुरुजींनी काठी आडवी धरली. सुमंतने पायरीकडे पाहिले. गौतमी उठून उभी राहिली होती. कमरेवर हात ठेवून ती आईला मागून आठवण करून देत होती. "आये, मांजराचं पण सांग! आपलं दूध पितंय त्यांचं मांजर!"

शेवटी हौसाबाईंचा दम संपला. त्यांनी गौतमीकडे बोट रोखले. "तुला अशी सोडायची न्हाई मी. उद्या जा दवाखान्यात, ये जाऊन. परत आलीस की बघते. ह्या समद्या कुरडया तुज्या हातनं घालून घेते का न्हाई बघ! सोऱ्या तूच दाबायचास!"

"घालीन की!" गौतमी तावातावाने म्हणाली. "परत आल्यावर घालीन! तुमच्यापेक्षा सरळ घालीन!"

हौसाबाई लगबगीने घरात गेल्या आणि दार लोटून घेतले. दाराआड त्या पदराचा बोळा तोंडात धरून रडत असल्याचे सुमंतला खिडकीतून दिसले. इकडे सारिका पायरीवर बसली होती. आधी तिला धाप लागली, मग हसू आले, मग रडू. गौतमी तिचे डोळे पुसत म्हणाली, "आये, भूक लागलीया. भाकरी हाय का?"

त्या दिवशी सारिकाने शेजारून आलेले जेवण परत पाठवले आणि स्वतःची चूल पेटवली.

सुमंत गुरुजींबरोबर त्यांच्या घरी परतला. मग म्हणाला, "गुरुजी, काल ती तुम्हाला काय म्हणाली होती?"

गुरुजींनी काठी भिंतीला टेकवली. "मी तिला विचारलं, का जायचं नाही. ती म्हणाली, 'काय उपेग? मी मरणारच हाय.' कोणी सांगितलं, विचारलं. म्हणाली, 'कुणी सांगितलं न्हाई, पर मला कळतंय. आज्जा मरायच्या आधी हौसामावशी असंच हळू बोलायच्या. समदी असंच दारात थांबून मग आत यायची.' दोन वर्षांपूर्वी तिचा आजोबा वारला, ते तिनं त्याच घरात डोळ्यांनी पाहिलं होतं. मी तिला डॉक्टरांचे शब्द सांगितले, चांगली आशा आहे म्हणून. त्यावर म्हणाली, 'समदी तसंच म्हणत्यात गुर्जीआजोबा, पर हळू आवाजात.'"

सुमंतची मान खाली गेली.

"तुम्ही सगळ्यांनी केलं ते फार मोठं आहे, सुमंत. त्यातलं काहीही थांबवू नकोस. तुम्ही धावला नसता तर महादेव पहिल्याच महिन्यात कोलमडला असता. पण दुःखी घरात जाताना आपण नकळत निरोपाचा चेहरा घेऊन जातो. मोठी माणसं तो सोसतात. लेकरू तो वाचतं. ज्याला आपण उद्या भेटणार आहोत त्याच्यावरच आपण रागावतो. ज्याचा उद्या नाही असं मनानं ठरवलं, त्याला सगळं माफ करून टाकतो. या पोरीला चार महिन्यांत साऱ्यांनी सगळं माफ केलं होतं. तिनं त्याचा अर्थ बरोबर लावला. आशा आहे हे तिला सांगून पटणार नव्हतं. कोणीतरी ती आशा खरी धरून वागायला हवं होतं, आणि त्या कामाला माझ्याजवळ हौसाइतकं लायक माणूस दुसरं नव्हतं."

"आणि ती खरंच खचली असती तर?"

"भीती मलाही होती," गुरुजी म्हणाले. "कालपासून घशाखाली घास उतरला नाही माझ्या."

सोमवारी सकाळी गौतमी स्वतःहून गाडीत बसली. सोबतीला या खेपेस सुमंतच होता.

दवाखान्यात तिच्या शेजारच्या खाटेवर झोया नावाची सहा वर्षांची मुलगी होती. दूरच्या जिल्ह्यातून आलेली, आठवडाभर कोणाशी न बोललेली. दुपारी दोघींच्या मध्ये सापशिडीचा पट मांडला गेला. झोयाची आई उशाशी बसून नुसती बघत होती. थोड्या वेळाने झोयाने फासा टाकला, चार पडले, आणि तिने हळूच पाच घरे सरकून शिडी गाठली.

"ए, चार पडल्यात," गौतमी म्हणाली. "माघारी घे."

झोयाचे ओठ थरथरले. तिची आई पुढे झाली. सुमंतच्या अगदी जिभेवर आले होते, असू दे गं, लहान आहे, बरं नाहीये तिला. त्याने तोंड उघडले, आणि मिटले.

झोयाने रागाने सोंगटी एक घर मागे आपटली. "तू पण मघाशी केलंस! सापानं गिळलं होतं तुला, तू उतरलीच नाहीस!"

"मी? कवा?"

"मी बघितलंय!"

दोघी गुडघ्यांवर उठून भांडू लागल्या. परिचारिका दारात येऊन उभी राहिली आणि तशीच परत गेली. झोयाची आई सुमंतकडे वळली. तिचे डोळे भरले होते. "किती दिवसांनी भांडली हो माझी मुलगी," ती म्हणाली.

गौतमीचे उपचार पुढे दोन वर्षे चालले. त्यात वाईट दिवस आले, एकदा तर पंधरा दिवस सारे गाव फोनकडे कान लावून होते. पण आवर्तन एकही चुकले नाही, आणि एके दिवशी डॉक्टरीण बाईंनी सांगितले की आता फक्त तपासणीला यायचे. ती हौसाबाईंच्या रागाने बरी झाली, असे कोणी समजू नये. ती औषधांनी बरी झाली, आईबापांच्या जागरणांनी, अनोळखी माणसांच्या रक्ताने आणि सुमंतसारख्यांच्या धावपळीने बरी झाली. त्या रविवारच्या भांडणाने एवढेच झाले की बरे होण्यात अर्थ आहे, असे तिला वाटू लागले.

सुमंत आजही कोणाच्या घरी दुखणे आले की पहिल्यांदा धावतो. फक्त दारात पोचल्यावर तो क्षणभर थांबतो, चेहऱ्यावरून हात फिरवतो, आणि मग नेहमीसारखा आत जातो.

आपल्यालाही अशा घरी जायची वेळ येते. तेव्हा हात भरून न्यावेत, आणि त्या माणसाला आपल्या रोजच्या जगातून वगळू नये.